वीस लाल दोरे

कोको, फ्लोरिडा
१४ जानेवारी १९६२

ती. बाबा यांस,
व्हर्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खोकल्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, त्यावरून तो वाढला आहे हे मी ओळखलं. औषधाची बाटली कपाटात ठेवून बरं वाटत नसतं, ती उघडावी लागते. आई असती तर तिने नाक दाबून पाजलं असतं. मी हजार मैलांवरून नुसती कागदावर ओरडते.

आता माझी बातमी. पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारायला आपला पहिला माणूस जाणार आहे, हे तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. परत येताना त्याची बसायची कुपी ज्या पॅराशूटला लोंबकळत समुद्रात उतरणार, ती छत्री गेल्या बुधवारी मी बांधली. होय, मी. शेडमध्ये आम्ही सात बायका आहोत आणि माणसाच्या कुपीची छत्री आजवर एकीलाही दिली नव्हती. आम्हाला यायच्या त्या वाळूची पोती खाली टाकून पाहायच्या छत्र्या. लूमिससाहेबांनी वरच्यांशी भांडून मला टेबलापाशी उभं केलं. ते आमचे तपासनीस. पलीकडच्या बाजूला उभे राहून प्रत्येक घडी डोळ्यांखालून घालतात. जूनमध्ये निवृत्त होणार आहेत.

तुम्ही विचाराल, छत्री बांधायला काय एवढं? चादरीएवढा रुमाल नव्हे तो, अंगणभर कापड असतं. घड्या घालताना ते निसटू नये म्हणून वीस ठिकाणी लाल कच्चे दोरे बांधायचे. मग पिशवीत भरताना एकेक गाठ सोडत दोरे पांढऱ्या ताटलीत टाकायचे. वीस बांधले, वीस निघाले पाहिजेत. एक जरी आत राहिला तरी ती घडी उघडत नाही आणि छत्री चिंधी होऊन खाली येते. लूमिससाहेब दोरे मोजतात, मग कार्डावर मी सही करते, खाली ते करतात. सही करताना माझा हात थरथरला. ते म्हणाले, थरथरू दे, ज्याचा थरथरत नाही त्याला मी या टेबलाजवळ फिरकू देत नाही.

लहानपणी तुम्ही सांगायचात, खाणीत कामाची पाळी सुरू होण्याआधी तुम्ही एकटे आत जायचात, पेटणारा वायू साठला आहे का पाहायचात आणि भिंतीवर खडूने तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहायचात. ती दिसल्याशिवाय एकही माणूस आत पाऊल टाकत नसे. सही करताना मला तेच आठवलं. शोभते की नाही बापाची लेक?

उड्डाण याच महिन्यात आहे. काळजी घ्या. लोभ आहेच, बाटलीतल्या औषधासारखा तो नुसता ठेवून देऊ नका.

तुमची,
व्हर्ना

---

लॉरेल फोर्क, केंटकी
१९ जानेवारी १९६२

चि. व्हर्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलं तर खोकल्याला दोष दे. औषध घेतलं. कडू आहे. आता त्यावर पुन्हा लिहू नकोस.

तुझं पत्र मी वस्तीवरच्या दुकानात वाचून दाखवलं. माझ्या पोरीने छत्री बांधली म्हटल्यावर एकाने विचारलं, फ्लोरिडात पाऊस फार का? असल्या लोकांत दिवस काढतोय मी. पण नंतर सगळे गप्प होऊन ऐकत होते. मला बरं वाटलं, हे एकदाच लिहितो.

बाकी हा प्रकार मला मुळीच आवडत नाही. गेल्या वर्षी दोघे गेले, पाव तासात वर जाऊन खाली आले, तरी दुसऱ्याची कुपी समुद्राने गिळली आणि तो गटांगळ्या खात कसाबसा वाचला. त्याआधी माकडं पाठवली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून गेली. याला विचारलं आहे आणि तरी हा जातोय, म्हणजे दोघांत शहाणं कोण ते तूच ठरव. मी आयुष्यभर जमिनीखाली गेलो. तिथे निदान पोटासाठी जातात. आणि तिथली भीती ओळखीची असते.

आणखी एक. ती खडूची गोष्ट तू फार मोठी करून ठेवली आहेस. ती एक नोकरी होती, संपली. तुझं काम माझ्या कामाशी तोलू नकोस. दुकानात वाचताना तेवढा भाग मी गाळला.

जेवत जा. तुझ्यावर माया आहेच, ती दाखवायची सवय नाही एवढंच.

तुझा,
बाबा

---

कोको
२८ जानेवारी १९६२

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात वाचू नका. एकट्याने वाचा. आणि मला फोन करू नका. आपल्या सामाईक तारेवर अख्खी वस्ती कान लावून बसलेली असते.

काल उड्डाण होतं. तो कुपीत पाच तासांच्या वर उताणा पडून होता. आम्ही शेडमध्ये लाउडस्पीकरच्या भोंग्यावर सगळं ऐकत होतो. अर्धा तास उरला असताना आकाश भरलं म्हणून त्याला खाली उतरवलं. त्याचं नाव मी लिहीत नाही.

त्या पाच तासांत कुणीतरी गोड पावांचा पुडा आणला. पुड्याची गाठ सुटेना, म्हणून शेजारच्या मुलीने कात्री लावली आणि सुतळीचे दोन तुकडे माझ्यासमोर टेबलावर पडले. बाबा, मी ते दोन्ही तुकडे उचलून पाहत राहिले. कारण त्या बुधवारी मीही तेच केलं होतं.

सतराव्या दोऱ्याची गाठ बसली होती. नखाने सुटेना. लूमिससाहेब क्षणभर फोन घ्यायला वळले होते. मी कात्री घातली. गाठ सोडायची, कापायची नाही, हा आमचा पहिला नियम, हातभर अक्षरांत भिंतीवर लिहिलेला. तो का आहे हे मला काल कळलं. कापला की एका दोऱ्याचे दोन होतात. आणि ते दोरे काही एका मापाचे नसतात, आखूड-लांब कसेही असतात. तुकडा कुठला आणि अख्खा कुठला हे ताटलीत कळत नाही.

एक तुकडा मी ताटलीत टाकला, हे पक्कं आठवतं. दुसरा आठवत नाही. तो एप्रनच्या खिशात गेला असेल तर ताटलीतले वीस खरे. पण तोही ताटलीत गेला असेल तर वीस म्हणजे एकोणीसच, आणि एक दोरा अजून त्या छत्रीत बांधलेला आहे. एप्रन त्याच दिवशी धुलाईला गेला. मी जाऊन विचारलं. त्यांनी मला खिसे झटकून दाखवले आणि हसले. ताटलीतले दोरे मोजून झाले की जाळतात.

तुम्ही म्हणाल, कुपीत दुसरी छत्री असते. असते. पण ती कामाला येते पहिली मुळीच उघडली नाही तरच. पहिली अर्धवट उघडून फडफडत राहिली तर दुसरी तिच्यातच अडकेल. रात्रंदिवस मला तेवढंच दिसतं.

सांगितलं तर रॉकेटच्या शेंड्यावर चढून कुपीची मान, जिथे छत्री भरलेली आहे ती, उघडावी लागेल, सगळं लांबेल, जगभरचे पत्रकार इथे तळ देऊन बसलेत. लूमिससाहेबांची सही खोटी ठरेल. सात बायकांना पुन्हा वाळूची पोती. आणि कदाचित आत काहीच नसेल. नाही सांगितलं तर एक जिवंत माणूस. बाबा, मी काय करू? तुमच्याशिवाय मला विचारायला कुणी नाही. तुम्ही जे सांगाल ते मी करीन.

लोभ असू द्या. आज मला त्याची गरज आहे.

व्हर्ना

---

लॉरेल फोर्क
३१ जानेवारी १९६२

चि. व्हर्ना हिस,
आशीर्वाद.

पत्र एकट्याने वाचलं आणि चुलीत घातलं.

गप्प बस. माझं ऐक आणि गप्प बस. ताटलीत वीस होते, तपासनिसाने वीस मोजले, कार्डावर वीस लिहिलं. वीस म्हणजे वीस. तुकडा खिशातच गेला असणार, शिवणाऱ्या बायकांचे हात आपोआप खिशात जातात, तुझ्या आईचे जायचे. भीती ही अशीच असते, नसलेलं दाखवते. अंधारात एकट्याने बसलेल्या माणसाला छताच्या करकरण्यातही हाका ऐकू येतात. मी ऐकल्या आहेत.

एकदा तोंडातून शब्द गेला की तू त्या टेबलापाशी परत उभी राहणार नाहीस. नाव गेलं की परत येत नाही, पोरी. आत काही निघालं तर तू खुनी निघता निघता वाचलीस असं म्हणतील, आणि नाही निघालं तर वेडी म्हणतील. दोन्हीकडून तूच मरणार. शिवाय तो म्हातारा लूमिस, त्याचा काय दोष?

आत जाणारा माणूस समजून उमजून आत जातो. तुझ्याकडून होता तेवढा जीव तू त्या कामात घातला आहेस.

या विषयावर पुन्हा लिहू नकोस. जेव आणि झोप. माया आहेच.

बाबा

---

कोको
४ फेब्रुवारी १९६२

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तशी गप्प आहे. रॉकेटच्या इंधनाच्या टाकीत गळती निघाली, म्हणून उड्डाण पंधरवडाभर पुढे गेलं. सगळे कपाळाला हात लावून बसले आहेत. मी एकटीच मनात म्हणते, आणखी गळू दे.

अन्न आत जात नाही. घशाखाली घास उतरवताना मला गाठ आठवते. काल लूमिससाहेबांनी मला विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, दाढ दुखते. त्यांनी घरून लवंगेचं तेल आणून दिलं. ते घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांच्यादेखत ते दाढेला लावावंही लागलं.

तुमचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. तुम्ही लिहिलंत, नाव गेलं की परत येत नाही. बाबा, मग माणूस गेला की येतो का? उलट बोलते म्हणून रागावू नका. तुमचा शब्द मोडलेला नाही अजून.

लोभ कमी झाला असेल तर मला कळवू नका इतक्यात.

व्हर्ना

---

लॉरेल फोर्क
५ फेब्रुवारी १९६२

चि. व्हर्ना हिस,
आशीर्वाद.

मागचं पत्र टाकल्यापासून पाच दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तुझं उत्तर यायच्या आत हे लिहून टाकतो, नाहीतर माझा धीर जाईल. तुला गप्प बस म्हणून सांगणारा माणूस कोण आहे, ते तुला कळायला हवं.

तुला इरा कूम्ब्स आठवतो. ओढ्यापलीकडचा. नोव्हेंबर बेचाळीसमध्ये खाणीतल्या सातव्या खोलीत वायू पेटला आणि तो गेला. तू पंधरा वर्षांची होतीस. चौकशीत ठरलं की इराने आत काडी ओढली. त्याला चोरून विडी ओढायची खोड होती, सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कुणी जास्त खोदलं नाही. भरल्या चर्चमध्ये पास्टरने सांगितलं की एका माणसाच्या निष्काळजीपणाने बाकीचेही मेले असते, देवाने वाचवलं.

त्या दिवशी पहिल्या सहा खोल्या मी तपासल्या. वायू असला की दिव्याची ज्योत निळी होते, ती जराही झाली नाही. सातवीत जायचं तर गुडघाभर पाणी होतं आणि छत इतकं खाली की रांगत जावं लागे. माझा पाय दुखत होता. सहा चांगल्या, तर सातवीही चांगलीच, असं मी धरून चाललो. तोंडाशीच उभं राहून भिंतीवर तारीख आणि माझी अक्षरं लिहिली आणि परत फिरलो. आत गेलोच नाही.

इराने ती अक्षरं पाहिली आणि आत गेला.

काडी ओढली का नाही, ते त्याचं त्याला ठाऊक. पण वायू नसता तर नुसत्या काडीने काय झालं असतं? चौकशीत मला विचारलं, खोली तपासली होती का? मी हो म्हणालो. एकच शब्द. त्यानंतर एकोणीस वर्षं ज्याला त्याला मी सांगत आलो की भीती नसलेलं दाखवते. ते मी स्वतःला सांगत होतो. माझी भीती असलेलंच दाखवत होती.

गप्प राहिल्याने काही वाचत नाही, व्हर्ना. माझं नाव राहिलं. ते घेऊन मी काय केलं? तूच त्याचं पत्रात कौतुक करावंस आणि मला दुकानात तो भाग गाळावा लागावा, एवढाच त्याचा उपयोग झाला.

तुझा माणूस अजून आत गेलेला नाही. जा आणि सांग. कोण काय म्हणेल ते म्हणेल. मला भीती वाटते की उशीर झाला असेल. पत्र मिळेल त्या दिवशी जा.

लोभाचं आता तू ठरव.

बाबा

---

कोको
११ फेब्रुवारी १९६२

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. दारातच उभी राहून वाचलं आणि तशीच परत शेडवर गेले.

लूमिससाहेब चष्मा पुसत होते. मी सगळं सांगितलं. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, कितवा दोरा. मी म्हटलं, सतरावा. ते म्हणाले, म्हणजे तो फोन. मग त्यांनीच वरच्यांना फोन लावला आणि सांगितलं की बांधणी चालू असताना त्यांनी टेबलाकडे पाठ केली होती, त्यांची मोजणी धरू नये. माझं नाव त्यांनी दुसऱ्या वाक्यात घेतलं, पहिल्यात नाही.

शुक्रवारी कुपीची मान उघडून छत्री काढली. काल ती टेबलावर सोडली. आठजण भोवती होते. मला टेबलाच्या टोकाला उभं केलं, हात मागे बांधून, कशालाही शिवायचं नाही म्हणून. एकेक घडी उघडत गेली तसं मी मनात आकडे म्हणत होते. आठ. नऊ. दहा. सोळाव्या घडीपाशी मी डोळे मिटले. कापडाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग कुणीतरी म्हणालं, नाही.

दोरा नव्हता, बाबा. कुठेच नव्हता. वीसच्या वीस निघाले होते.

मी हसले, मोठ्याने, सगळ्यांसमोर, आणि मग रडायला लागले. मुख्य साहेबांनी रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, गाठ कापली होतीस हे खरं? खरं होतं. मला टेबलावरून काढलं. आता मागच्या खोलीत वाळूच्या पोत्यांच्या पट्ट्या शिवते. लूमिससाहेब जूनऐवजी मार्चमध्येच जाणार. बाकीच्या सहाजणींपैकी एक म्हणाली, आत नव्हताच तर बोललीस कशाला? मी पुढची पट्टी शिवायला घेतली.

नवी छत्री बॉइड नावाच्या माणसाने बांधली. चांगला कारागीर आहे. तरी मला वाटलं होतं की मी मोकळी होईन, तसं झालं नाही. माझ्या हातांची भीती गेली, आता बाकी सगळ्यांच्या हातांची बसली. त्या कुपीला किती लोकांचे हात लागलेत! कुणाचा पाय दुखत असेल, कुणाचा फोन वाजला असेल. कोण कुणाला सांगणार आहे?

तुमचं पत्र मी जाळलं नाही. इराकाका मला आठवतात. बाबा, त्यांनीच काडी ओढली असं सगळे म्हणायचे. मीसुद्धा शाळेत म्हटलं होतं, त्यांच्या मुलाच्या तोंडावर. त्यांची बायको, डेल्फियाकाकू, अजून तेच समजते का? मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून मी गेले, एवढंच लिहिते.

तुम्ही लोभाचं मला ठरवायला सांगितलंत. ते माझं ठरलेलंच होतं, मी जन्मले तेव्हाच.

तुमची,
व्हर्ना

---

कोको
२० फेब्रुवारी १९६२

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आला. जिवंत आहे. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेलच, तरी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी पावणेदहाला गेला. बाहेर लोक नाचत होते, रडत होते, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. आमच्या शेडमध्ये कुणी नाचलं नाही. आमचं काम अजून व्हायचं होतं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीत भोंग्यावरचे आवाज बदलले. कुणीतरी धावत येऊन सांगितलं की कुपीच्या तळाचं उष्णतेचं कवच सैल झाल्याची खूण दिसते आहे, परत येताना जळून जाईल की काय. ते कवच आमच्या शेडचं नव्हतं. पण कुणाच्या तरी हातचं होतंच ना? तो माणूस या वेळी कुठे उभा असेल, हेच माझ्या मनात आलं. तो कुठे उभा आहे ते मला माहीत होतं, बाबा. मी तिथे दोन आठवडे उभी होते.

मग भोंगा गप्प झाला. कुपी आगीतून येत असताना तिच्याशी बोलताच येत नाही, हे आम्हाला माहीत होतं. माहीत असून काही उपयोग नव्हता. बॉइड दाराशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. लूमिससाहेबांनी माझं मनगट धरलं होतं, त्यांची बोटं अजून उमटलेली आहेत. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फेडता फेडता म्हातारी होईन.

त्याचा आवाज आला. कवच जागेवर होतं, खूणच खोटी होती. आणि थोड्या वेळाने त्याने स्वतः वरून कळवलं की छत्री उघडली आणि छान उघडली. बॉइड मटकन जमिनीवरच बसला.

ती छत्री माझी नव्हती. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण त्या क्षणी मला आतून जे वाटलं ते तुम्हालाच सांगता येईल. त्या माणसाच्या आणि माझ्यामध्ये आता काहीच लपलेलं नाही.

डेल्फियाकाकूबद्दल मी पुन्हा विचारत नाही. तुमच्या खोकल्याबद्दल विचारते. लोभ आहेच, इथून तिथवर पुरेल एवढा.

व्हर्ना

---

लॉरेल फोर्क
रविवार, २५ फेब्रुवारी १९६२

चि. व्हर्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ते खिशात घालून मी ओढा ओलांडला. वाटेत तीनदा परत फिरलो, खोकल्याचं निमित्त करून.

डेल्फिया घेवडा निवडत होती. बस म्हणाली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. सहा खोल्या, पाणी, पाय, खडू, आणि चौकशीतला तो एक शब्द. ती ओरडेल, हातातलं भांडं फेकून मारेल, हे मी ओढ्यापासून मनात धरून गेलो होतो. तिने घेवडा निवडणं थांबवलं आणि माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं.

मग म्हणाली, एकोणीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. पोरांना सांगत आले, बापासारखे बेफिकीर होऊ नका. धाकट्याने चिडून बापाचं नाव टाकून माझ्या माहेरचं लावलं, तेव्हाही मी त्याला अडवलं नाही. थडग्यावर एक फूल ठेवलं नाही. होबार्ट, मला तुझा राग यायला हवा, तर मला त्या शिव्यांचीच लाज वाटते आहे, असं ती म्हणाली. आणि मग ती रडली, माझ्यासाठी नाही, माझ्यामुळे. मला तिच्या पाठीवर हात ठेवता आला नाही. तेवढा हक्क मला राहिलेला नाही.

निघताना ती दाराशी आली. म्हणाली, मला एकटीला सांगून तुझं भागणार नाही. त्याला भरल्या चर्चमध्ये दोषी ठरवलं होतं, तिथेच उभा राहा आणि सांग. पोरांना मी बोलावून घेते.

आज रविवार. पोरं आली आहेत, धाकटासुद्धा. त्यांच्या गाड्या पुलापाशी उभ्या दिसतात. मी दाढी केली, कोट घातला, आणि चर्चची घंटा होईपर्यंत तुला लिहीत बसलो आहे. आयुष्यात किती वेळा खाणीत गेलो असेन, पण आजच्यासारखी बुटाची नाडी कधी दोनदा सोडून बांधली नव्हती. दुकानातले सगळे तिथे असतील. मला भीती वाटते, पोरी. तुला सांगायला लाजत नाही, फार भीती वाटते.

घंटा झाली.

माया आहेच, असं आजवर सवयीने लिहीत आलो. आज तुझा लोभ मागतो आहे.

तुझा,
बाबा